आबाजींच्या पेपरांच्या गठ्ठ्यांचे काय करावे?

कोरडवाहू

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावच्या घराची मागची खोली या उन्हाळ्यात उतरवावी लागणार आहे, कारण धाब्याची माती आणखी एक पावसाळा धरणार नाही असे गवंड्याने स्पष्ट सांगितले आहे. त्या खोलीत माझ्या आजोबांचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू. सुतळीने आडवे-उभे बांधलेले, भिंतीपासून वीतभर दूर, फळ्यांवर रचलेले असे एकूण 63 गठ्ठे भरले. आबाजींना जाऊन 11 वर्षे झाली. वडील म्हणतात की रद्दीवाल्याला बोलवावे आणि मोकळे व्हावे. आई म्हणते की त्यांनी मारलेल्या गाठी आपण सोडू नयेत. मी नोकरीमुळे पुण्यात राहतो, त्यामुळे निर्णय तुम्हीच घ्या असे म्हणून बाजूला होणे मला सहज जमले असते, पण ते मनाला पटत नाही.

आबाजी चौथीपर्यंत शिकलेले होते आणि 11 एकर कोरडवाहू शेती करत होते. 1952 मध्ये यवतमाळहून साप्ताहिक 'लोकमत' निघू लागले, तेव्हा ते टपालाने मागवणाऱ्या गावातल्या दोघातिघांपैकी ते एक. पुढे 15 डिसेंबर 1971 पासून ते नागपूरहून दैनिक झाले आणि सकाळच्या एसटीने येऊ लागले. नागपूरचा 'तरुण भारत' शेजारच्या गुरुजींकडे येत असे, तो आबाजी संध्याकाळी आणून वाचत. दोन्हींचे विचार वेगवेगळे, मग दोन्ही कशाला वाचता, असे मी लहानपणी विचारले होते. त्यावर ते म्हणाले, "एका बैलानं वखर चालते का बाप्पा?"

वाचण्याची त्यांची रीत ठरलेली होती. शेतातून आले की हातपाय धुवायचे, हात कोरडे करायचे, ओसरीवर बसायचे आणि आधी तारीख मोठ्याने वाचायची. त्यानंतर थेट शेवटचे पान उलटून अगदी खालची ओळ, म्हणजे मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असलेली बारीक अक्षरातली ओळ वाचायची, आणि मगच पहिल्या पानाकडे यायचे. ती ओळ रोज तीच असते, हे मी त्यांना सांगून पाहिले होते. ज्याने छापले त्याचे नाव आधी माहीत असावे, असे त्यांचे उत्तर होते. छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव असलेच पाहिजे असा नियम इंग्रजांच्या 1867 च्या कायद्यात होता, हे मला फार उशिरा कळले. आबाजींना कायदा माहीत नव्हता, पण त्यामागचा हेतू मात्र त्यांनी अचूक ओळखला होता.

तुमच्या घरी असे साठे असतील तर तुम्ही त्यांचे काय केले? आणि तुमच्या आजी-आजोबांचे छापील अक्षराशी नाते कसे होते, तेही कृपया लिहावे.

सांजवात

रद्दीत देऊ नका, एवढीच हात जोडून विनंती. आमच्या आजोबांकडे गुरुकुंज मोझरीहून निघणाऱ्या 'गुरुदेव' मासिकाचे जुने अंक होते आणि त्यांनी स्वतः हातशिलाईने बांधलेली 'ग्रामगीते'ची प्रत होती. घर रंगवताना एका दुपारी ते सगळे गेले. 'ग्रामगीता' आजही कोठेही मिळते आणि मी नवी आणलीही आहे, पण प्रत्येक अध्याय संपल्यावर आजोबा ज्या दिवशी तो संपला त्या दिवसाची तिथी लिहीत असत, ती प्रत आता मिळायची नाही. 41 अध्यायांची ती तिथीमाला त्यांनी किती वेळा पूर्ण केली होती, हे सांगणारे घरात आज कोणी उरलेले नाही.

वर्धाकाठ

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाच्या भावना दुखावण्यासाठी मांडत नाही. माझे आजोबा पवनारजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या बंडीच्या खिशात 'गीताई'ची लहान प्रत कायम असे. विनोबांनी ती 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 या काळात लिहिली, हे त्यांनी आम्हा नातवंडांकडून पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. पुस्तक गरिबाला परवडले पाहिजे आणि खिशात मावले पाहिजे, या दोन कसोट्यांवर ते प्रत्येक छापील वस्तू पारखत.

मात्र साठा करणे त्यांना अजिबात मान्य नव्हते. एका बाजूने कोरी असलेली हँडबिले, जुन्या पावत्या, लग्नपत्रिकांची पाकिटे हे सर्व जमवून ते वह्या शिवत आणि शाळेतल्या मुलांना देत. वर्तमानपत्र वाचून झाले की ते दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरी पोचले पाहिजे, असा त्यांचा शिरस्ता होता. कागद साठवला म्हणजे वापर थांबला, असे ते मानत. म्हणून मला वाटते की आबाजींना खरोखर मान द्यायचा असेल, तर गठ्ठे कोणाच्या तरी उपयोगी पडतील असे पाहावे, मग तो उपयोग पुड्या बांधण्याचा का असेना.

खिळेजुळारी

वर्धाकाठ यांचे म्हणणे मला समजते, पण माझ्या आजोबांच्या दृष्टीने छापलेला प्रत्येक कागद म्हणजे कोणाच्या तरी हाताचे काम होते, आणि म्हणून मी वेगळ्या बाजूला आहे.

आजोबा खामगावच्या एका छापखान्यात 30 वर्षे कंपोझिटर होते. मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर तेथे जात असे. तिरक्या मोठ्या लाकडी केसमध्ये लहान-मोठे शेकडो खण, प्रत्येक खणात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, आणि आजोबा मजकुरावरची नजर न हलवता उजव्या हाताने खिळे उचलत आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये लावत. अक्षरे उलटी आणि ओळ सुलटी दिसेल अशी ती जुळणी असते. पान सुटले की खिळे रॉकेलने धुऊन पुन्हा ज्या त्या खणात परत टाकायचे, हे काम मात्र ते कोणालाही देत नसत, कारण एक खिळा चुकीच्या खणात पडला की महिनाभराने कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत चूक निघते.

1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'नांव' चे 'नाव' झाले, 'कांहीं' चे 'काही' झाले. आपण ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात वाचतो. आजोबांनी ती खणात पाहिली. दीर्घ वेलांटीवर अनुस्वार असलेले जोडखिळे पूर्वी सतत कमी पडत, ते नंतर इतके क्वचित लागू लागले की त्यांच्यावर धूळ बसू लागली. आजोबांनी छापखान्यात नवे नियम काटेकोर पाळले, पण घरच्या पत्रांत शेवटपर्यंत जुने अनुस्वार दिले. घरी वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या कानावर पेन्सिल असे, आणि सापडलेल्या प्रत्येक चुकीला ते शेजारी खूण करत. कोणाला पाठवण्यासाठी नव्हे. डोळा तयार राहावा म्हणून.

कोरडवाहू, एक प्रश्न. आबाजींच्या हातचे काही लिहिलेले आहे का त्या कागदांवर?

निळाई

हा धागा वाचताना मनात आले ते स्पष्टच लिहिते. साठा ठेवण्यासाठी आधी न गळणारे छप्पर लागते.

माझे आजोबा उमरेड भागात शेतमजूर होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही आमच्या वस्तीत बाबासाहेबांचा 'जनता' येत असे आणि फेब्रुवारी 1956 मध्ये त्याचेच नाव 'प्रबुद्ध भारत' झाल्यावर तोही येत राहिला. अंक एकच, वर्गणी सगळ्यांची मिळून. संध्याकाळी कंदील मध्ये ठेवून चौथी-पाचवीतला एखादा पोरगा मोठ्याने वाचायचा आणि तीस-चाळीस माणसे ऐकायची. अडखळला तर कोणी हसायचे नाही, थांबायचे. माझे वडील त्या वाचणाऱ्या मुलांपैकी एक होते. ते सांगतात की आजोबा दुसऱ्या दिवशी निंदण करताना तो अग्रलेख जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवत. ज्याला वाचता येत नाही त्याचा वर्तमानपत्राशी संबंध नसतो, असे आपण गृहीत धरतो, ते माझ्या आजोबांच्या बाबतीत पूर्ण चुकीचे ठरते. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केला, आणि त्याच्याही आधी नागपूरला किसन फागुजी बनसोडे पत्रे काढत होते. ही परंपरा ज्यांच्यासाठी होती त्यातल्या कित्येकांनी ती कानांनी वाचली.

आमच्या घरी एकच अंक उरला आहे, डिसेंबर 1956 चा. आजोबांनी तो आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. घडीवर तो आता चार ठिकाणी तुटलेला आहे. 14 ऑक्टोबरला ते दीक्षाभूमीवर पायी गेले होते आणि दोन महिन्यांच्या आत ती बातमी आली. तो अंक त्यांच्यासमोर कोणी वाचायला घेतला तर ते उठून बाहेर जात, असे वडील सांगतात.

वर्धाकाठ

निळाई, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. पुड्या बांधण्याविषयी मी लिहिले ते वाक्य मागे घेतो.

आखाजी

पुड्यांवरून आठवले, कारण माझ्या आजीचे सगळे वाचन पुड्यांवर झाले.

माझी आजी मूर्तिजापूरजवळच्या गावातली. 1978 नंतर गावात प्रौढशिक्षणाचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती पन्नाशीला आलेली होती. घरातली माणसे निजल्यावर ती चिमणीच्या उजेडात अक्षरे गिरवत असे. वाचता येऊ लागले, पण घरी वर्तमानपत्र येत नव्हते. मग किराणा आला की ती आधी पुड्या सोडायची, साखर, डाळ, हळद डब्यांत भरायची, आणि कागद मांडीवर घेऊन तळहाताने सरळ करत बसायची. हळदीच्या पुडीचा कागद पिवळा असायचा आणि मिठाच्या पुडीचा ओलसर. कापलेल्या कागदावर बातमी अर्धीच असे. एकदा हरवलेल्या मुलाची बातमी अशी अर्ध्यावर तुटली, तर आजी भर दुपारी दुकानात गेली आणि उरलेला तुकडा कोणाकडे गेला असेल ते विचारून आली. दुकानदाराने तीन घरांची नावे सांगितली. दुसऱ्या घरी तो तुकडा जिऱ्याभोवती सापडला. मुलगा मिळाला होता. आजीने ते वाचून तिथल्या बाईलाही वाचून दाखवले, आणि त्यानंतर त्या दोघी मैत्रिणी झाल्या त्या कायमच्या.

म्हणून पुडी बांधणे हा वाईट शेवट आहे असे मला तरी वाटत नाही. वर्धाकाठ, आपण वाक्य मागे घेण्याची आवश्यकता नव्हती.

सरकी

आमच्या आजोबांसाठी वर्तमानपत्राचे दोनच भाग होते, बाजारभाव आणि पाऊसपाणी. अकोला, खामगाव, हिंगणघाट, यवतमाळ या बाजारांतले कापसाचे भाव ते बोटाने एकेक आकडा दाबत वाचत. 1972 पासून एकाधिकार खरेदी आली आणि भाव सरकारने ठरवायला सुरुवात झाली, तेव्हा त्यांचे बोट चुकाऱ्याच्या, म्हणजे कापसाचे पैसे मिळण्याच्या, बातम्यांवर आले. दुसरा हप्ता केव्हा जाहीर होणार, या एका बातमीसाठी पारावर पेपरभोवती जी गर्दी होई तशी गर्दी मी निवडणुकीच्या निकालालाही पाहिलेली नाही. अक्षय्य तृतीयेनंतर भेंडवळच्या घटमांडणीचे पीकपाण्याविषयीचे भाकीत छापून येई. ते भाकीत एका बाजूला आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची 'कृषिसंवादिनी' दुसऱ्या बाजूला ठेवून आजोबा पेरणीचा विचार करत. दोन्हींत फरक पडला तर ते बांधावर जाऊन माती मुठीत दाबून बघत आणि अखेर तिचेच ऐकत.

ताडोबाकाठ

थोडे विषयांतर होईल, पण कागदाबद्दलच आहे. माझे आजोबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलात बांबूतोड करत. तो बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जाई. त्यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचले नाही, पण माझ्या वहीचे पान अंगठा आणि तर्जनीत धरून ते चोळत आणि सांगत, हा आपला बांबू. खरे की खोटे हे तपासण्याचा मार्ग माझ्याकडे नव्हता. मी मात्र त्या पानावर नेहमी चांगल्या अक्षरात लिहिले.

निवृत्त_ग्रंथपाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका 'ड' वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी 27 वर्षे काम केले, त्या आधारावर लिहितो. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे खेड्यापाड्यांत अशी ग्रंथालये उभी राहिली आणि अनेकांच्या आजोबांची सकाळ तेथेच गेली. एका टेबलावर चार वर्तमानपत्रे, लाकडी दांड्यांत अडकवलेली, आणि बाकावर माणसे एकमेकांचे पान संपण्याची वाट पाहत बसलेली. वाचून झाले तरी दांडी खाली न ठेवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी पहिल्या वर्षी हटकले होते. नंतर कळले की त्यांचे डोळे अधू झाले होते आणि ते शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मथळे वाचून, पुढचा मजकूर त्याच्याकडून ऐकून घेत. हटकल्याबद्दल मला आजही वाईट वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वर्तमानपत्राचा कागद टिकण्यासाठी बनवलेलाच नसतो. लाकूड यंत्रात दळून केलेल्या लगद्यात लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य तसेच राहते, उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल वाढत जाते आणि घडीवर तो तुटतो. म्हणून गठ्ठे जसेच्या तसे आणखी पन्नास वर्षे ठेवू असा विचार असेल तर तो सोडावा. मोठ्या वर्तमानपत्रांचे जुने अंक त्यांच्या कार्यालयांत आणि मोठ्या ग्रंथालयांत जपलेले असतात, त्यामुळे केवळ बातम्यांसाठी ते ठेवण्याचे कारण नाही, आणि गावच्या ग्रंथालयाकडे एवढी जागाही नसते. परंतु खिळेजुळारी यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. आबाजींनी त्या कागदात जे स्वतःचे घातले ते दुसरीकडे कोठेही नाही. तेव्हा आधी निदान पाच गठ्ठे उघडून पाहा. टाचण्या असतील तर काढा, कारण गंज कागद खातो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. खिडकीजवळ सावलीत, थेट ऊन नसलेल्या जागी पान पसरून फोटो काढा. आणि उधई आहे का ते सर्वांत खालच्या फळीवर पाहा.

सांजवात

आपण पेन्सिलीचा उल्लेख केला नाही. पेन्सिलीची अक्षरे फोटोत उमटतात का?

निवृत्त_ग्रंथपाल

उमटतात, मात्र उजेड एका बाजूने, तिरपा घ्यावा.

कोरडवाहू

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, क्षमस्व. मी गावी गेलो होतो.

खालच्या फळीला उधई लागलेली होती आणि दोन गठ्ठे आतून पोकळ निघाले. बाकीचे 61 शाबूत आहेत. आईची समजूत काढली आणि पहिली गाठ तिच्याच हाताने सोडवली. तेव्हा प्रथम लक्षात आले की गठ्ठ्यात सलग तारखा नाहीत. एका गठ्ठ्यात 20 अंक, दुसऱ्यात 34, तिसऱ्यात 15. घरातल्या कोणालाही हे माहीत नव्हते. आम्ही समजत होतो की आबाजी प्रत्येक अंक ठेवतात. प्रत्यक्षात ते बाकीचे सगळे देऊन टाकत आणि ज्या दिवशी समासात काही लिहिले तेवढाच अंक ठेवत. एक गठ्ठा म्हणजे एक साल, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, सालदाराच्या हिशेबासारखे. 63 गठ्ठे म्हणजे 63 वर्षे.

लिहिलेले असे आहे: "आज पाणी आलें. तासें भरलीं." दुसऱ्या एका अंकावर: "ढवळ्या गेला. पोरगा जेवला नाहीं." तो पोरगा म्हणजे माझे वडील. आणखी एकावर नुसते "दुबार", आणि त्याच्या नऊ दिवसांनंतरच्या अंकावर "तिबार". खिळेजुळारी, अनुस्वार सगळे जुने आहेत, 2013 सालापर्यंत. 1975 च्या जुलैतल्या एका अंकावर, आणीबाणी लागून काही आठवडेच झाले होते तेव्हा, त्यांनी शेवटच्या पानावरच्या त्या बारीक ओळीखाली रेघ मारून लिहिले आहे, "नांव तेंच आहे, बोलणें त्याचें नाहीं." ही ओळ वाचल्यावर वडील बराच वेळ खाटेवर बसून राहिले.

वडिलांनी आता रद्दीचे नाव काढलेले नाही. ते रोज एक गठ्ठा सोडतात, मी सांगितल्याप्रमाणे खिडकीजवळ पान पसरतात, आणि शेजारची दोन मुले मोबाईलवर फोटो काढतात. फोटो झालेले अंक, समास कापून न घेता, तसेच्या तसे नव्या घराच्या कपाटात जातील. उधईने खाल्लेल्या दोन गठ्ठ्यांतले काही वाचता येईल का, याचा प्रयत्न चालू आहे. ते 1961 आणि 1962 चे आहेत.

एका गोष्टीविषयी मात्र घरात एकमत होत नाही आणि त्यासाठी पुन्हा विचारतो. 1998 च्या गठ्ठ्यात आजी गेली त्या दिवसाचे अंक आहेत. त्या तारखेपासून पुढे सलग 13 अंक ठेवलेले आहेत आणि त्यांपैकी एकावरही काही लिहिलेले नाही. एसटीतून उतरले तेव्हा जशी घडी होती तशीच आहे, एकही उघडलेला नाही. बाहेरची पाने पिवळी पडली आहेत, पण कडेने पाहिले तर आतला कागद अजून पांढरट दिसतो. चौदाव्या दिवसाच्या अंकावर लिहिले आहे, "आज वाचला." फोटो काढायचे तर हे 13 अंक उघडावे लागतील. वडील म्हणतात की उघडू नये. मुले म्हणतात की संग्रह पूर्ण झाला पाहिजे. काय करावे?

आखाजी

उघडू नका.

निळाई

उघडू नका. आमचा तो अंक सतत उघडून पाहिल्यामुळेच घडीवर तुटला.

खिळेजुळारी

माझे मत थोडे निराळे आहे. त्या अंकांत आत काय छापले होते हे दुसरीकडे पाहता येईलच, तेव्हा उघडण्याची गरज नाही हे मान्य. पण 13 घड्यांचा, बंद स्थितीत, वरून आणि कडेने एकेक फोटो अवश्य काढा, आणि चौदाव्याचा त्यांच्या शेजारी ठेवून काढा.

निवृत्त_ग्रंथपाल

खिळेजुळारी यांच्याशी सहमत आहे. फोटो झाल्यावर ते 13 अंक आडवेच ठेवा, उभे नकोत. वर वजन ठेवू नका. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल गुंडाळा. घरात आजीचे एखादे जुने लुगडे असेल तर ते चालेल.